वाटसरूचे आरोग्य

पुण्याहून पूर्वेच्या अंगाला दोन जुन्या वाटा निघतात. पहिली वाघोली, कोरेगाव व रांजणगाव ह्या गावांवरून शिरूरला जाते आणि तेथे घोड नदी ओलांडून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, दिशेने वळते. शिरूरला जुनी माणसे घोडनदी ह्याच नावाने ओळखत. दुसरी वाट लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, वरवंड व पाटस अशी दौंड तालुका ओलांडून सोलापूर-पंढरपूरकडे जाते. दौंड शहर ह्या दुसऱ्या वाटेच्या किंचित उत्तरेस, भीमेच्या काठी वसलेले आहे. ह्या दोन वाटांवरून फौजा गेल्या, वारकरी गेले, बैलांवर धान्य लादून व्यापारी गेले आणि पुढे आगगाडीत बसून हरतऱ्हेचे लोक गेले.

इतिहासाच्या ग्रंथांत ह्या वाटांवरून कोण कोणावर चालून गेले, ह्याची नोंद सापडते. परंतु चालून जाणारा माणूस वाटेत काय खात असे, पाणी कोठले पीत असे, पाय सुजले म्हणजे काय करीत असे व पोट बिघडले म्हणजे कशाचा आधार घेत असे, ह्या गोष्टींकडे सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः ह्याही गोष्टींना इतिहास आहे. किंबहुना, लढाईत जितकी माणसे पडली त्याहून अधिक माणसे वाटेवरच्या रोगांनी पडली, हे सत्य एकोणिसाव्या शतकातील बहुतेक मोहिमांना लागू पडते. वाटसरूच्या गाठोड्यातील घरगुती उपायांपैकी कोणते खरोखर उपयोगी होते व कोणत्यांवर भिस्त ठेवून लोक फसले, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा नाही. त्याच्या उत्तरावर असंख्य माणसांचा जीव अवलंबून होता.

प्रवासाला निघणाऱ्या माणसाने कसे वागावे ह्याचे नियम आपल्या वैद्यकात फार जुने आहेत. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात दिनचर्येचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात वाटेने चालताना छत्री व पादत्राणे वापरावी आणि चार हातांपर्यंतची जमीन पाहून पाऊल टाकावे, असा साधा उपदेश केलेला आहे. अंगाला, विशेषतः मस्तक, कान व तळपाय ह्यांना नित्य तेल चोळावे, असेही तो सांगतो. व्यायामाविषयी त्याचा नियम विशेष मार्मिक आहे. बलवान माणसाने थंडीच्या दिवसांत व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी करावा. कपाळावर घाम येऊ लागला व तोंडाला कोरड पडू लागली म्हणजे अर्धी शक्ती खर्च झाली, असे समजण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या एका अध्यायात त्याने शरीराचे तेरा स्वाभाविक वेग सांगितले असून ते अडवून धरू नयेत असे बजावले आहे. ह्या तेरांमध्ये मलमूत्राच्या वेगांबरोबरच तहान, भूक, झोप व श्रमाने लागणारी धाप ह्यांचीही गणना आहे. तहान दाबून ठेवणे हा रोगाला आमंत्रण देण्याचा प्रकार होय, हे ह्या देशात हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते, ही गोष्ट पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ग्रंथ न वाचलेल्या माणसाजवळही अनुभवाचे शहाणपण होते. ह्या भागातील गृहिणी प्रवासाला निघणाऱ्या माणसाची शिदोरी बांधीत असे, त्यात बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, कोरडी चटणी, कांदा व गुळाचा खडा असावयाचा. लांबचा प्रवास असला म्हणजे दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या बांधून द्यावयाच्या, कारण त्या भाकरीपेक्षा अधिक काळ टिकतात. फडक्याच्या एका टोकाला सुंठ, ओवा व बाळहिरडे ह्यांची पुरचुंडी असे. मळमळ वाटू लागली तर सुंठ किंवा लिंबू चोखावे, पोट फुगले तर ओवा चावावा, कोठा साफ होईना तर हिरडा घ्यावा, अशी ही वाटेवरची औषधयोजना होती. मुक्कामाला पोहोचल्यावर पायांवर कढत पाणी घेऊन तळव्यांना तेल लावावयाचे, की सकाळी माणूस पुन्हा चालावयास तयार.

ह्यांपैकी बऱ्याच उपायांना आज आधार देता येतो. आल्याने व सुंठेने मळमळ कमी होते, असे अलीकडील कित्येक प्रयोगांत दिसून आले आहे. सर्वच प्रयोगांचे निष्कर्ष मात्र सारखे नाहीत. हिरड्याचा सारक गुण सर्वमान्य आहे. परंतु ही सारी औषधे लहान दुखण्यांची होत. मोठे दुखणे वाटेवर आले म्हणजे काय झाले, ते शिरूरच्या इतिहासावरून समजते.

१८०२ साली वसईचा तह झाला आणि त्यानंतर पेशव्यांच्या मदतीसाठी म्हणून ठेवलेल्या इंग्रजी फौजेचे मुख्य ठाणे शिरूर येथे पडले. घोडनदीच्या काठचे हे गाव पाहता पाहता छावणीचे शहर बनले. ३१ डिसेंबर १८१७ रोजी रात्री कॅप्टन स्टाँटन ह्याच्या हाताखालची एक तुकडी ह्याच छावणीतून पुण्याकडे निघाली. तिच्यात सुमारे ५०० पायदळ, सुमारे २५० स्वार व दोन तोफा होत्या. पायदळातील शिपायांत महार समाजातील शिपायांचा भरणा मोठा होता. रात्रभर सुमारे २७ मैल चालून ही माणसे १ जानेवारी १८१८ रोजी सकाळी भीमेच्या काठी कोरेगावला पोहोचली आणि लागलीच त्यांना दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी लढावे लागले. कोरेगावच्या ह्या लढाईविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे तिच्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. रात्रभर चालून थकलेल्या ह्या लोकांना दिवसभर अन्न मिळाले नाही आणि नदी डोळ्यांसमोर असताना पाणीही मिळाले नाही, कारण पाण्याची वाट शत्रूने रोखून धरली होती. संध्याकाळ झाल्यानंतरच त्यांना पाण्यापर्यंत पोहोचता आले. त्या दिवसाच्या सर्व वर्णनांत तोफा-बंदुकांच्या बरोबरीने तहानेचा उल्लेख येतो. माणूस उपाशी राहून एक दिवस लढू शकतो. पाण्यावाचून लढणे ही निराळीच परीक्षा होय.

त्याच वर्षाच्या पावसाळ्यात शिरूरच्या छावणीवर पाण्याचेच, पण उलट्या प्रकारचे, संकट आले. १८१७ सालच्या ऑगस्टमध्ये बंगालमधील जेसोर येथे पटकीची भयंकर साथ उद्भवली. त्याच वर्षाच्या अखेरीस बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या सैन्यात तिने हाहाकार उडविला. पुढे फौजांच्या, व्यापाऱ्यांच्या व यात्रेकरूंच्या पावलांनी ती दक्षिणेकडे सरकत गेली. १८१८ च्या पावसाळ्यात नागपूर-औरंगाबादकडून ती अहमदनगर, शिरूर, पुणे अशी टप्प्याटप्प्याने उतरली व पनवेलमार्गे ऑगस्ट महिन्यात मुंबईला पोहोचली. साथीचा हा मार्ग नकाशावर काढून पाहिला तर तो हमरस्त्यावरूनच गेलेला दिसतो. ज्या वाटेने माणसे चालली त्याच वाटेने रोग चालला.

पटकीपुढे सुंठ व ओवा निष्प्रभ ठरले. गावोगाव मरीआईचे गाडे निघाले; वेशीबाहेर दहीभात टाकून रोगाला पुढल्या गावी धाडण्याचे प्रयत्न झाले. ह्या अज्ञानाला हसण्याचा मोह सुशिक्षितांना होतो. परंतु त्या काळच्या युरोपीय डॉक्टरांचे ज्ञान ह्याहून फारसे पुढे गेलेले नव्हते. जुलाब-वांत्यांनी ज्याच्या अंगातील पाणी निघून गेले आहे, अशा रोग्याची शीर तोडून ते रक्त काढीत. पाऱ्यापासून केलेले औषध व अफूचा अर्क देत. कित्येक ठिकाणी तर रोग्याने पाणी मागितले तरी ते देऊ नये, असाच दंडक होता. आपल्याकडील घरांतही जुलाब होणाऱ्या मुलाचे पाणी तोडण्याची चाल होती. वाग्भटाचा तहानेचा नियम ग्रंथातच राहिला. इंग्रज डॉक्टर व खेड्यातील वैदू ह्या दोघांनीही तहानलेल्या रोग्याला त्याच्या हक्काच्या पाण्यापासून दूर ठेवले, ही ह्या इतिहासातील सर्वांत दुःखाची बाजू आहे.

पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे लंडनमध्ये जॉन स्नो ह्याने १८५४ सालच्या साथीत घरोघर फिरून दाखवून दिले. रॉबर्ट कॉख ह्याने १८८३-८४ साली प्रथम ईजिप्तमध्ये व नंतर कलकत्त्यास संशोधन करून तिच्या जंतूची ओळख पटविली. म्हणजे शिरूरच्या छावणीत साथ आल्यानंतर तिचे खरे कारण जगाला पटण्यास साठांहून अधिक वर्षे लागली.

आता दुसऱ्या वाटेकडे वळावे. तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणबाबा ह्यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली, असे मानले जाते. देहूहून निघालेली ही पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून लोणी काळभोरला येते, उरुळी कांचनला दुपारची विश्रांती घेते आणि यवतला दौंड तालुक्यातील पहिला मुक्काम करते. पुढे वरवंड, पाटस व रोटीचा घाट ओलांडून ती बारामती तालुक्यात उतरते. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीची वाट सासवडवरून निराळी आहे. तिला शिस्तबद्ध सोहळ्याचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार होते. फौजेच्या कूचमुक्कामाची शिस्त त्यांनी भक्तीच्या वाटेला लावून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने वारीचा दिनक्रम पाहिला तर त्यात पुष्कळ शहाणपण आढळते. पहाटे उठून स्नान करावयाचे व उन्हे चढण्यापूर्वी वाटेला लागावयाचे. टाळमृदंगाच्या ठेक्यावर सर्वांची पावले सारखी पडतात. त्यामुळे उतावळा मनुष्य पळत नाही आणि अशक्त मनुष्य मागे पडत नाही. दोन-तीन तासांनी विसावा येतो. विसाव्याच्या जागी मंडळी नुसती बसून राहत नाहीत. फुगड्या घालतात, पावली खेळतात. एकाच प्रकारे चालून आखडलेल्या सांध्यांना ह्या खेळांनी निराळी हालचाल मिळते व थकवा जातो. अभंग म्हणणाऱ्याचा श्वास आपोआप दीर्घ होतो. मुक्कामाच्या गावी वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळून देणारे, तुटलेल्या वहाणा शिवून देणारे व दाढी करून देणारे लोक सेवा म्हणून एक पैही न घेता बसलेले असतात. यवतला मुक्कामाच्या रात्री पिठले-भाकरीचे जेवण गावकरी हजारो माणसांना घालतात. हे जेवण ताजे, गरम व पचनाला सोपे असते. अर्ध्या शक्तीने व्यायाम, तळपायांना तेल, वेळेवर विश्रांती, हलके अन्न, हे सर्व वाग्भटाचे नियम वारीत वारकऱ्यांच्या नकळत पाळले जातात.

असे असूनही एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आषाढीच्या यात्रेवर पटकीची सावली वारंवार पडत असे. चालण्याने कणखर झालेली, व्यसनांपासून दूर असलेली, मनाने प्रसन्न अशी माणसे दोन दिवसांच्या दुखण्याने वाटेवर पडत. दोष त्यांच्या दिनचर्येत नव्हता. तो पाण्यात होता. ऐन पावसाळ्यात, हजारो लोकांच्या मुक्कामाजवळच्या नदीचे व ओढ्याचे पाणी प्यावयाचे, म्हणजे रोगाला घरात घेण्यासारखेच होते. उत्तम व्यायाम व सात्त्विक आहार ह्यांनीही दूषित पाण्याचे विष उतरत नाही, हा धडा ह्या वाटेने फार मोठी किंमत घेऊन शिकविला. पुढे जंतुनाशक घातलेले पाणी, पटकीची टोचणी व मुक्कामाच्या जागेची स्वच्छता ह्यांनी हे संकट हटविले.

पाण्याविषयीची एक जुनी चाल मात्र येथे गौरवाने नमूद करावयास हवी. आपल्या घरांत पाणी वस्त्रगाळ करून भरण्याची रीत होती. वाटसरूही धोतराचा किंवा उपरण्याचा पदर लोट्यावर धरून त्यातून पाणी गाळून घेई. पूर्वी ह्या मुलखात नारूचा उपद्रव मोठा होता. पायऱ्यांच्या बारवेत लोक उतरून पाणी भरीत. नारू झालेल्या माणसाचा पाय पाण्यात बुडाला की त्या जंतूची पिले पाण्यात पडत व तेथील सूक्ष्म जलकीटकांच्या पोटात वाढत. ते पाणी प्यालेल्या माणसाच्या अंगातून वर्षभराने हातभर लांबीचा नारू बाहेर येई. ह्या रोगावर औषध नव्हते व आजही नाही. परंतु ते जलकीटक साध्या फडक्यात अडकून राहतात. पाणी गाळणे व पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे ह्या साधनांच्या बळावरच भारतातून नारू नाहीसा झाला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. पटकीच्या बाबतीतही असाच अनुभव आला. बांगला देशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून त्यातून पाणी गाळण्यास बायकांना शिकविले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळ जवळ निम्म्याने उतरले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळते. निम्मे म्हणजे सर्व नव्हे. उकळलेल्या पाण्याची बरोबरी गाळलेले पाणी करू शकत नाही. तथापि, ज्याच्याजवळ सरपण नाही अशा वाटसरूला आजीबाईच्या पदराने अर्धे संरक्षण दिले, हेही थोडे नव्हे.

१८५८ साली पुण्याहून भीमेकाठच्या दिक्सालपर्यंत आगगाडी धावू लागली व १८६० साली ती सोलापुरास पोहोचली. त्या वेळी धोंड म्हणून लिहिले जाणारे दौंड ह्या मार्गावरचे स्टेशन झाले. पुढे मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, १८७८ साली, दौंड-मनमाड मार्ग उघडला आणि दौंडला जंक्शनचे महत्त्व आले. प्रवासाची रीत पार बदलली. पूर्वी दिवसभर चालणारा माणूस आता दिवसभर बसून राहू लागला. पूर्वीची दुखणी पायांची होती, आता कोंडलेल्या हवेची व आखडलेल्या अंगाची दुखणी आली.

तिसऱ्या वर्गाचा प्रवास कसा असे, ह्याचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन गांधीजींनी करून ठेवले आहे. १९१७ सालच्या सप्टेंबरमध्ये ते मुंबईहून मद्रासला मेलगाडीने गेले. ही गाडी पुणे, दौंड व सोलापूर ह्या मार्गाने रायचूरकडे जात असे. तिकिटाला १३ रुपये ९ आणे पडले. २२ उतारूंसाठी असलेल्या डब्यात त्याहून अधिक माणसे कोंबलेली होती. दोन रात्रींच्या प्रवासात निजावयास जागा नव्हती. डबा एकदाही झाडला गेला नाही. शौचकूपात पाणी नव्हते. ह्या अनुभवावर त्यांनी लिहिलेला लेख त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. अशा घाणीतूनच रोग फैलावतात, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. प्रवाशाने आपल्या शरीराची कितीही काळजी घेतली तरी डब्याची स्वच्छता त्याच्या एकट्याच्या हाती नसते, हे त्यांनी ओळखले होते.

बसून राहण्याचा धोका जगाला नीट उमगला तो दुसऱ्या महायुद्धात. लंडनवर बाँब पडू लागले तेव्हा लोक आसऱ्याच्या जागी खुर्च्यांवर बसून रात्री काढीत. अशा माणसांपैकी कित्येक एकाएकी मरण पावू लागली. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात अडकते, हे त्याचे कारण कीथ सिम्सन ह्या डॉक्टराने १९४० साली दाखवून दिले. लांबच्या प्रवासात तास-दोन तासांनी उठून चार पावले टाकावी, बसल्या जागी घोटे वरखाली करावे व पोटऱ्या आवळून सैल सोडाव्या, हा आजचा उपदेश त्याच अनुभवाला धरून आहे. विसाव्याच्या जागी पावली खेळणाऱ्या वारकऱ्यास तो निराळा सांगावयास नको.

व्यायामाच्या बाबतीत त्या काळी महाराष्ट्रातही विचार जागा झालेला होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार मोठ्या हिरिरीने केला. त्यास साहित्य लागत नाही व साडेतीन हात जागा पुरते. तेव्हा धर्मशाळेतील मुक्कामातही तो व्यायाम करता येई. स्वामी कुवलयानंद ह्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसने व प्राणायाम ह्यांची प्रयोगशाळेत परीक्षा घेण्यास प्रारंभ केला. परंपरेने सांगितले म्हणून मानावयाचे नाही व परंपरेचे आहे म्हणून टाकावयाचेही नाही, तर मोजून पाहावयाचे, ही त्यांची दृष्टी ह्या विषयाला फार मोलाची ठरली.

ह्या साऱ्या धाग्यांची गाठ उरुळी कांचनला पडली. गांधीजींचा ओढा निसर्गोपचाराकडे दक्षिण आफ्रिकेपासूनच होता. कून्हे ह्या जर्मन उपचारकाचे कटिस्नान व युस्ट ह्याचे मातीचे उपचार त्यांनी स्वतःवर व घरच्या माणसांवर केलेले होते. आगाखान राजवाड्यातील बंदिवासात, १९४२ साली, त्यांनी आरोग्यावरचे आपले विचार पुन्हा लिहून काढले. सुटकेनंतर डॉ. दिनशा मेहता ह्यांच्या पुण्यातील निसर्गोपचार केंद्रात ते राहिले आणि तेथेच गरिबांसाठी मोठी संस्था उभारावी असा बेत ठरला. परंतु खेड्यातील गरीब माणूस उपचारासाठी शहरात येऊन राहणार नाही, हे लवकरच त्यांच्या ध्यानी आले. आपली चूक त्यांनी उघड कबूल केली व २२ मार्च १९४६ रोजी ते उरुळी कांचनला आले. पालखीच्या वाटेवरचे व आगगाडीच्या मार्गावरचे हे गाव होते. पहिल्याच दिवशी सुमारे ३० रोगी आले. त्यांना गांधीजींनी जे सांगितले त्यात कोणतीही महागडी वस्तू नव्हती. रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान व घर्षणस्नान, गाईचे दूध, ताक, फळांचा रस आणि भरपूर पाणी, एवढीच ती यादी होती. आठ दिवस राहून ३० मार्चला ते गेले. परंतु आश्रम राहिला. मणिभाई देसाई ह्यांनी तो वाढविला. विनोबांचे बंधू बाळकोबा भावे ह्यांनीही आयुष्याचा मोठा काळ तेथेच घालविला. आश्रमाचे काम आजही चालू आहे.

निसर्गोपचाराचा हा पुरस्कर्ता त्याच्या मर्यादांविषयी काय सांगतो, हे त्याच्या चरित्रावरूनच पाहावे. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींचे आंत्रपुच्छ सुजले, तेव्हा १२ जानेवारी १९२४ रोजी रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक ह्यांच्या हातून त्यांनी शस्त्रक्रिया करवून घेतली. शस्त्रक्रिया चालू असताना विजेचा दिवा गेला व ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. मातीची पट्टी पोटावर ठेवून ते स्वस्थ बसले असते, तर १९४६ साली उरुळीला येण्यास ते उरले नसते. स्वतःच्या मतांपेक्षा प्रसंगाची निकड ओळखणे, हाही आरोग्याचाच एक नियम आहे.

ह्या हकीकतीचा शेवट पुन्हा पाण्याशी येऊन ठेपतो. १९७१ साली बांगला देशाच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले व बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळून ते पाणी रोग्यांना तोंडाने पाजण्यास नातेवाइकांनाच शिकविले. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा चारांच्याही खाली आले; उपचारावाचून अशा साथीत ते शेकडा तीस व त्याहून अधिक असते. साखरेबरोबर मीठ दिले म्हणजे आजारी आतडेही पाणी शोषून घेते, हे त्यामागील शास्त्र. आपल्या घरांतील मीठ घातलेली तांदळाची पेज ह्याच तत्त्वाला जवळची आहे. शिरूरच्या छावणीत १८१८ साली जे शिपाई तडफडत मेले, त्यांच्यापैकी कित्येकांना स्वच्छ पाणी, चिमूटभर मीठ व मूठभर साखर ह्यांनी वाचविता आले असते. ह्या तीनही वस्तू छावणीत असतील. नव्हते ते त्यांचे ज्ञान.

म्हणून आजच्या प्रवाशाने जुन्या शिदोरीतील काय ठेवावे व काय टाकावे, ह्याचा निवाडा इतिहासानेच केलेला आहे. सुंठ, लिंबू, ओवा व हिरडा लहान तक्रारींसाठी जवळ बाळगावे. मुक्कामावर पायांना तेल लावावे, पहाटे चार-सहा सूर्यनमस्कार घालावे, गाडीत अधूनमधून पाय मोकळे करावे, जेवण ताजे व बेताचे ठेवावे. पाणी उकळलेले किंवा खात्रीचे प्यावे आणि हात धुतल्याविना घास घेऊ नये. जुलाब सुरू झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी घोट घोट पीत राहावे. चमचा चहाचा असावा व मीठ अधिक होऊ देऊ नये. रोग्याचे पाणी मात्र कदापि तोडू नये. रक्त पडू लागले, ताप चढला, लघवी थांबली, किंवा लहान मूल अथवा वृद्ध माणूस मलूल झाला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

दर वर्षी ज्येष्ठ-आषाढात यवतच्या मुक्कामी पिठल्याची पातेली चुलीवर चढतात. आता त्यांच्या शेजारी पाण्याचे टँकर उभे असतात, आरोग्य खात्याचे तंबू असतात व मीठ-साखरेच्या पुड्या वाटल्या जातात. टाळांचा नाद पूर्वीचाच आहे, तळव्यांना तेल चोळणारे हातही पूर्वीसारखेच आहेत. पूर्वी घरची माणसे वारकऱ्याला निरोप देत, तेव्हा तो परत येईल की नाही ही धास्ती त्यांच्या मनात असे. ती धास्ती आता उरलेली नाही, आणि हा पालट मुख्यतः स्वच्छ पाण्याने घडवून आणला आहे.